पहिली पेशी कोणती?

साठी उलटलेल्या पुरुषांच्या गप्पांत रक्तदाब, साखर, गुडघे हे विषय मोकळेपणाने निघतात. प्रोस्टेटचा विषय मात्र सहसा निघत नाही. निघालाच तर आवाज खाली येतो. रात्री तीनदा-चारदा उठावे लागते हे माणूस बायकोलाही सांगायला संकोचतो. बहुतेकदा हा त्रास ग्रंथीच्या साध्या वाढीचा असतो. पण एखाद्या दिवशी रक्ताच्या तपासणीत 'पीएसए' वाढलेला निघतो, सुईने तुकडा काढून तपासला जातो आणि 'कर्करोग' हा शब्द घरात शिरतो. त्यापुढे बाकी सगळे शब्द गप्प होतात. अशा वेळी घरातल्या कुणीतरी धीर करून एक प्रश्न विचारायला हवा असे मला वाटते: कर्करोग खरा, पण कोणत्या जातीचा?

हा प्रश्न का विचारायचा, हे कळण्यासाठी थोडे आत डोकवावे लागेल. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती कडे घातल्यासारखी ही अक्रोडाएवढी ग्रंथी बसलेली असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. तिच्यात बारीक नळ्यांचे जाळे असते आणि नळीच्या आतल्या बाजूला पेशींचे दुपदरी अस्तर. पोकळीकडे तोंड केलेल्या आतल्या पेशी स्राव तयार करतात; पीएसए हे प्रथिन मुख्यतः त्यांचेच. त्यांच्याखाली, वाड्याच्या जोत्यासारखी, तळच्या पेशींची पातळ रांग असते.

कर्करोग झालेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तळच्या पेशींची ही रांग नाहीशी झालेली दिसते. निदानाची ती एक महत्त्वाची खूणच आहे. उरतात त्या आतल्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी. साहजिकच रोग आतल्या पेशींतच सुरू होतो, असे बराच काळ मानले गेले.

बँकेच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो. हिशेब जुळत नसेल, तर फरक ज्याच्या टेबलावर सापडला तोच दोषी असे धरून चालत नाही. एकेक पान मागे जात पहिली चुकीची नोंद कुठे पडली ते शोधावे लागते. शास्त्रज्ञांनी इथे नेमके तेच केले.

२००९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवले, की आतल्या थरातील काही मोजक्या पेशी पौरुष संप्रेरक बंद केल्यावरही तग धरतात आणि कर्करोगाची सुरुवात त्यांच्यातून होऊ शकते. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने माणसाच्या निरोगी प्रोस्टेटमधून दोन्ही प्रकारच्या पेशी वेगळ्या काढल्या, त्यांच्या जनुकांत ठराविक बदल केले आणि त्या उंदरांत रुजवल्या. कर्करोग झाला तो तळच्या पेशींतून! आणि गंमत अशी, की त्या गाठीत तळची रांग दिसेनाशी होऊन आतल्यासारख्याच पेशी माजल्या. म्हणजे घर सोडून गेलेलाच मूळचा गुन्हेगार असू शकतो. पुढे उंदरांवर झालेल्या प्रयोगांवरून दोन्ही पेशी रोगाला जन्म देऊ शकतात असे दिसले. उंदराचा प्रोस्टेट म्हणजे माणसाचा नव्हे, म्हणून वाद अजून मिटलेला नाही.

कोणी म्हणेल, ही प्रयोगशाळेतली चर्चा. सामान्य माणसाला तिचे काय? बरेच काही. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले, की पौरुष संप्रेरक तोडले की हा रोग मागे हटतो. १९६६ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण पसरलेला रोग काही काळाने बहुधा परततो. संप्रेरकावाचून जगणारी पेशी कोणती, हे कळल्याशिवाय त्याचा मुळापासून बंदोबस्त कसा व्हायचा? आणि उगमावरून रोगाचा पुढचा स्वभाव ठरतो का, हे कळले तर मांजर कोणते आणि वाघ कोणता हे आधी सांगता येईल.

कारण या रोगात मांजरे पुष्कळ आहेत. दुसऱ्याच कारणाने मरण पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटचे छोटे कर्करोग वारंवार सापडतात. त्यांचा त्या माणसांना जन्मभर पत्ताही नसतो. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच रोग असलेल्या १६४३ पुरुषांवर शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख असे तीन मार्ग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून दिले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पंधरा वर्षांत या रोगाने दगावलेले तिन्ही गटांत शंभरात सुमारे तीनच होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते आणि त्यांतील अनेकांनी पुढे उपचार घेतले, हेही सांगितले पाहिजे. पण शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा आणि वैवाहिक सुख यांची किंमत अनेकांना मोजावी लागते, हेही खरे.

म्हणून 'काढून टाका आणि मोकळे व्हा' हा आपला घरगुती सल्ला मला मान्य नाही. तसेच 'म्हातारपणी होतेच' म्हणून हात झटकणेही मान्य नाही. वाघ असतात, ते हाडांपर्यंत पोचतात आणि त्यांना वेळेवरच गाठावे लागते. डॉक्टरांना विचारावे: ग्लीसन श्रेणी किती? रोग ग्रंथीबाहेर गेला आहे का? थांबून लक्ष ठेवता येईल का? हे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही.

ज्या रोगाची पहिली पेशी कोणती याबद्दल शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही, त्याच्या नुसत्या नावाने घराने हातपाय गाळण्याचे कारण नाही. पुरुषांनी आधी मात्र आवाज खाली न आणता बोलायला शिकले पाहिजे.