दारूला न शिवणाऱ्याचे यकृत

गेल्या श्रावणात चाळिशीतले एक गृहस्थ सोनोग्राफीचा कागद घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मूतखडा आहे का हे पाहायला गेले होते, निघाले ‘फॅटी लिव्हर’. अंगाने सडपातळ, चेहरा मात्र पार पडलेला. म्हणाले, “डाक्टरानू, मी आयुष्यात दारूक शिवलंय नाय. घरकारणीन कालपासून बोलणा सोडल्यान हा.”

त्यांचे म्हणणे खरे होते. यकृतात चरबी साठायला दारूच लागते असे नाही. मैदा, साखर, गोड पेये यांचा मारा झाला की यकृत जादा साखरेची चरबी करून स्वतःतच साठवू लागते. बरीच वर्षे काही दुखत नाही. काहींच्या बाबतीत पुढे सूज येते, यकृत निबर होते आणि शेवटी सिऱ्हॉसिस. मधुमेह आणि हृदयविकार तर याचे सख्खे शेजारीच.

सडपातळ माणसाला हे कसे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच; पण युडकिन यांच्या अंगात चरबी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या २१ टक्के. आपली ठेवण ही अशी. म्हणून मी काट्यापेक्षा कमरेच्या टेपवर जास्त विश्वास ठेवतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत हवी.

त्यात वारशाचाही भाग आहे. २००८ साली पीएनपीएलए-३ या जनुकातला एक फरक सापडला. तो असलेल्यांच्या यकृतातली चरबी नीट मोडली जात नाही, तिथेच साचते. आई आणि वडील दोघांकडून तो आला तर धोका आणखी वाढतो.

हे सांगितले की लोक लगेच म्हणतात, “घराण्यातच असा, मगे पथ्य कित्याक?” मला हे साफ नामंजूर आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून लोकांच्या प्रकृतीचा अभ्यास चालू आहे. त्यावरून २०१८ साली असे दिसले की, ज्यांचा आहार बिघडत गेला त्यांच्यात वारशाचा धोका जितका अधिक तितकी यकृतातली चरबी वाढली. ज्यांनी आहार टिकवला किंवा सुधारला त्यांच्यात वारशाचा हा परिणाम दिसला नाही. म्हणजे घराण्यात असेल त्यानेच पथ्य आधी पाळायला हवे.

आमच्या या गृहस्थांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. सकाळी गोड चहाबरोबर खारी, दुपारी पाहुण्यांबरोबर थंड पेय, रात्री पाहुण्यांसाठी तळलेल्यातले उरलेसुरले. शिवाय श्रावण, म्हणजे बांगडा बंद आणि साबुदाणा, बटाटा, शिरा चालू! त्यांच्या आजोबांचे जेवण उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी आणि तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले. ही पिठी आता गरिबाघरची म्हणून पाहुण्यांपुढे ठेवायला लाज वाटते, याचे मला फार वाईट वाटते. अर्थात आजोबा भाताचा डोंगर जिरवायचे ते रापण ओढून. गल्ल्यावर बसणाऱ्याला तेवढा भात परवडणार नाही.

यकृताच्या नावाने खपणाऱ्या टॉनिकच्या बाटल्या मी लिहून देत नाही. वजन जास्त असलेल्याने ते ७ ते १० टक्के उतरवले तर चरबीच काय, सूजही कमी होते. सडपातळ माणसालाही कंबर उतरवण्याचा फायदा होतोच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पत्नीला बोलावून घेतले. तिने सगळे शांतपणे ऐकले, नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, “मगे माझ्या झिलाचा काय?” चौदा वर्षांचा काटकुळा मुलगा दारात चिप्सची पुडी घेऊन उभा होता. मी टेप काढली.