खुणेखालचा तळ

गोंदियाहून बालाघाटकडे निघालात की बाघ नदीचा पूल लागतो. पलीकडे राजेगाव, म्हणजे मध्य प्रदेश. केंद्रीय जल आयोगाचे मापन केंद्र इथलेच. जूनच्या तोंडावर नदीत टाचा भिजतील एवढेच पाणी असते. ऑगस्टात याच नदीसाठी दोन राज्यांचे नियंत्रण कक्ष रात्रभर जागे असतात. त्या रात्री सगळ्यांची नजर एका आकड्यावर खिळलेली असते: पाणी धोक्याच्या खुणेच्या किती वर, किती खाली. त्या खुणेखालचा तळ आज नेमका कुठे आहे, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. या अंकाचे निमित्त साधून आम्ही तेवढेच विचारणार आहोत.

तळ चढतो-उतरतो तो गाळाच्या ये-जा करण्याने. तो गाळ मोजण्याची आपली पद्धत वाचकांना पाठ आहे, तरी एकदा डोळ्यांसमोर आणा. नदीच्या आडव्या छेदाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात पाण्याच्या खोलीच्या ०.६ वर बाटली सोडायची. ती भरली की वर ओढून चाळायची, गाळायची, वाळवायची आणि तोलायची. ०.२ मिलिमीटरहून मोठे कण भरड, ०.०७५ पर्यंतचे मध्यम आणि त्याखालचे बारीक. काम कष्टाचे, आणि भर पावसात, हेलकावणाऱ्या नावेत ते करणाऱ्या माणसांबद्दल आम्हाला आदर आहे. पण बाटलीत येतो तो पाण्यात तरंगणारा गाळ. तळाशी सरपटत, घरंगळत जाणारी रेती बाटलीत येतच नाही. तिच्यासाठी आपण टक्का धरतो: तरंगत्या गाळाच्या दहा, फार तर वीस. प्रकल्प अहवालात हा टक्का इतक्या निमूटपणे बसतो की तो मोजलेला नसून मानलेला आहे, हे पुढच्या पिढीच्या ध्यानातही राहत नाही.

गोंदियात हा टक्का जास्तच खटकतो. पश्चिम महाराष्ट्राच्या नद्या काळ्या बेसाल्टवरून वाहतात. इथला खडक त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइट आणि नाइसचा. आमगावच्या नावाने भूशास्त्रात एक नाइसच ओळखला जातो. हा खडक झिजतो तेव्हा गारगोटीची आणि फेल्डस्पारची भरड, पिवळसर रेती सुटते. पुण्याकडे तिला वाळू म्हणतात, आमच्याकडे रेतीच. बाघ नदी ती चिचगडच्या डोंगरांतून आणते आणि बिरसोल्याजवळ वैनगंगेच्या हवाली करते. बांधकामाला हीच हवी, म्हणून तर रेतीघाटांचे लिलाव. म्हणजे जो भाग आपण मोजत नाही, नेमका तोच बाजारात ब्रासच्या भावाने विकला जातो.

हे न कळण्याइतके आपण अज्ञानी नाही. १९१६ साली सुरू झालेली, आज खडकवासल्याला असलेली जलसंशोधन संस्था नद्यांची प्रतिकृती करून पाहते. रुरकीच्या रा. ज. गर्दे यांनी रंगा राजूंसोबत लिहिलेले गाळवहनाचे पाठ्यपुस्तक १९७७ साली आले. आपल्यातल्या बहुतेकांनी परीक्षेच्या आदल्या रात्री ते उघडले आणि नोकरी लागल्यावर मिटले. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे मात्र नद्यांच्या काठीच उभे राहिले. लिसा इली, येहूदा एंझेल, व्हिक्टर बेकर यांच्याबरोबर त्यांनी नर्मदेच्या घळीत पुराने मागे ठेवलेले थर शोधले. मोठ्या पुरात पाणी उपनद्यांच्या मुखात उलटे शिरते, तिथे संथावते आणि हातातली बारीक रेती टाकून देते. दर मोठ्या पुरामागे एक थर. त्यातल्या कोळशाच्या कणांचे वय काढले की पुराचा काळ मिळतो. थराच्या माथ्यावरून कळते की पाणी निदान इतके चढले होते. अशी सुमारे दोन हजार वर्षांची नोंद त्यांनी वाचली, आणि पुरांचा आकार व वारंवारता या काळात बदलत गेल्याचे १९९६ साली मांडले.

वैनगंगेला गोंदियात तशी घळ नाही. तिचे पात्र रुंद, रेतीचे, म्हणून तेच तंत्र इथे जसेच्या तसे चालणार नाही. काळे यांच्या कामातली आमच्या उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे. द्वीपकल्पाच्या नद्या वर्षभर हळूहळू काम करत नाहीत. पात्र घडवायचे, मोडायचे ते मोठ्या पुराच्या मोजक्या दिवसांत. मग दहा वर्षांपूर्वी घेतलेला आडवा छेद आज वापरायचा म्हणजे मधल्या सगळ्या पुरांनी काहीच केले नाही असे मानायचे.

साधा हिशेब करू. पात्र तीनशे मीटर रुंद धरा, तळ एक मीटरने खाली गेला असे धरा आणि वेग सेकंदाला दोन मीटर. खुणेवर पाणी तेवढेच दिसेल, पण खुणेखालून सहाशे क्यूमेक, म्हणजे सेकंदाला सहाशे घनमीटर, जास्त निघून जातील. जुन्या पातळी-विसर्ग वक्रावर नियंत्रण कक्ष सांगणार, ‘अजून धोका नाही’; खालच्या गावात तोवर गोठे रिकामे करायची वेळ झालेली असेल. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला याच्या उलट. तिथे रेती साठून तळ चढतो आणि मध्यम पुराचे पाणीही अंगणात येते. तीच खूण, तेच पाणी, आणि अर्थ दोन.

तळ खाली जायला आपल्याकडे कारणांची वाण नाही. धरण रेती अडवते आणि खाली सुटणारे पाणी रिकाम्या हाताचे असते. मग ते स्वतःचेच पात्र आणि काठ खाते. कॅलिफोर्नियाच्या माथियस कोंडॉल्फ यांनी १९९७ मध्ये त्याला ‘भुकेले पाणी’ म्हटले. वैनगंगेवर वर शिवनीत संजय सरोवर आहे, बाघेच्या खोऱ्यात सिरपूर, पुजारीटोला आणि कालीसराड. त्यात रेतीघाटांवरच्या उपशाची भर. गोंदिया शहराला पाणी देणाऱ्या डांगोर्लीला उन्हाळ्यात नदीची धार पंपापासून दूर सरकते, आणि पुजारीटोल्याचे पाणी सोडून तहान भागवावी लागते. यात पावसाचा वाटा किती आणि उतरलेल्या तळाचा किती, हे आडवे छेद हातात असल्याशिवाय कोणी सांगू नये. आम्हीही सांगत नाही. ‘नदी खोल केली की पूर टळतो’ असे ठामपणे सांगणाऱ्यांनीही जरा दमाने घ्यावे. उपशाचा खड्डा जागेवर राहत नाही, उगमाकडे सरकत जातो आणि वाटेत पुलाचा पाया लागला तर त्याला उघडा पाडतो.

गंमत अशी की छेद घेतले जातात. रेती उत्खननाच्या २०१६ आणि २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पावसाळ्याआधी आणि नंतर घाटाचे मोजमाप करून किती रेती परत भरली ते दाखवायचे असते. पुराचा अभ्यास करणाऱ्याला याहून मोलाची माहिती कोणती? पण ती खनिकर्माच्या फायलीत, ब्रासमध्ये. आपली माहिती जलसंपदेच्या फायलीत, टनांत. एका ब्रासचे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. गुणाकार अवघड नाही, फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर नेणे अवघड आहे. म्हणून पूररेषाही जुन्याच तळावर राहतात: निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या, आणि दोन्ही काढतात त्या एका दिवशीच्या तळावर, जणू नदीने तो कायमचा लिहून दिला आहे.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. संजय सरोवरातून पाणी सुटले, गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडले, गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावे पाण्यात गेली. नंतर चर्चा झाली ती कोणी कोणाला किती वाजता कळवले याची. ती व्हायलाच हवी होती. पण पाणी ओसरल्यावर बिरसोल्याच्या संगमावर रेतीचे थर कुठे पडले, काठ किती खचला, याच्या नोंदी कोणाकडे असतील तर त्या अजून आमच्यापर्यंत आलेल्या नाहीत.

म्हणून एक विनंती. बाघ, वैनगंगा, चुलबंद, गाढवी, कुठल्याही नदीवर एकाच जागेचे निरनिराळ्या वर्षांचे दोन छेद ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ते पाठवावेत. बेंचमार्क कुठला धरला ते लिहायला विसरू नये. कागद मळलेला असला, आकडे पेन्सिलीचे असले तरी चालेल. दिवाळीनंतरच्या अंकात चार पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.