स्कूटरला विमा, शस्त्रक्रियेला नाही!

औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात जुलै 1963 मध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेवेळी एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला, आणि त्याच महिन्यात ती मरण पावली. कनिष्ठ न्यायालयाने पतीला 36 हजारांची भरपाई मंजूर केली. पण प्रजेचे पालक म्हणवणारे शासन ती मुकाट्याने देण्याऐवजी उच्च न्यायालयात गेले, तेथे जिंकले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली त्याचा कान धरला, तेव्हा त्या माउलीच्या मृत्यूला 32 वर्षे उलटून गेली होती. एवढ्या अपकीर्तीनंतर तरी शासनाला जाग यावी! ती आली नाही.

स्कूटर रस्त्यावर आणायची तर 1988 चा मोटार वाहन कायदा त्रयस्थ पक्षाच्या विम्याची सक्ती करतो. भोपाळच्या नरसंहारानंतर 1991 च्या कायद्याने घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांनाही विमा सक्तीचा केला. मात्र जेथे सज्ञान नागरिक भूल घेऊन, संमतिपत्रावर सही करून, आपला देह निःशंकपणे परक्याच्या हाती सोपवतो, त्या शस्त्रक्रियागृहातील डॉक्टरकडे व्यावसायिक दायित्वाचा विमा असलाच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. ज्याला वाटेल त्याने पॉलिसी घ्यावी, वाटेल तेवढ्या रकमेची घ्यावी, आणि हप्ता चुकून ती बंद पडली तरी विचारणारा कोणी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, 2013 साली कोलकात्याच्या एका प्रकरणात सुमारे 6 कोटींची भरपाई ठरवली. पण अशी भरपाई वसूल कोणाकडून करायची? बिल घेताना सर्जन ‘आमचे’ असतात. दावा येताच ते ‘व्हिजिटिंग कन्सल्टंट’ होतात, आणि रुग्णालय हात झटकते. मग हुकूमनाम्याचा कागद मृताच्या घरी फाइलमध्ये पडून राहतो.

डॉक्टरांवरील हल्ले निंद्यच. त्यांविरुद्ध राज्याने 2010 साली कायदा केला, तो योग्यच केला. परंतु रुग्णाच्या आप्तांच्या संतापाला तुरुंग दाखवणाऱ्या शासनाने त्यांच्या न्याय्य दाव्याच्या वसुलीची तजवीज केली नाही, हा दांभिकपणा आहे. विम्याअभावी प्रामाणिक डॉक्टरही भरडला जातो, कारण एका निकालाने त्याची आयुष्यभराची पुंजी जाऊ शकते.

विमा सक्तीचा केला तर हप्त्याचा बोजा रुग्णावरच पडेल, अशी ओरड होईल. रुग्ण आजही बिलात काय काय भरतो, हे ओरडणाऱ्यांना ठाऊक आहे. तालुक्याच्या छोट्या दवाखान्यांसाठी सामूहिक योजना करता येते; शासकीय डॉक्टरांचे दायित्व शासनाने स्वतः, विनाअपील, उचलावे.

1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नियम करण्याचा अधिकार शासनाकडे आहे. 2021 साली रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगताना तो वापरलाही गेला. भिंतीवरच्या सनदेने भरपाई मिळत नाही. चालू पॉलिसी दाखवल्याशिवाय कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण होता कामा नये. आरोग्यमंत्र्यांनी अधिसूचनेची तारीख सांगावी.