आधी काच, मग बॉनेट



गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या पॅरिशला बारा आसनांची व्हॅन मिळाली. एका कुटुंबाने आईच्या आठवणीत मोठी रक्कम दिली, उरलेली वर्गणीतून जमली. त्या रविवारी मिस्सानंतर फादरांनी गाडीवर आशीर्वादाचे पाणी शिंपडले, धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांनी आळीपाळीने हॉर्न वाजवून घेतला. महिनाही झाला नव्हता, तोच कौन्सिलच्या बैठकीत या गाडीवरून वाद झाला. तोही कशावरून, तर किड्यांवरून.

झाले असे, की खानापूरच्या बाजूच्या एका घरी आम्ही अंत्यविधीला गेलो होतो आणि परतताना दिवेलागण झाली. भाताच्या कापणीचे दिवस. त्या दिवसांत शेतातले तुडतुडे दिव्यांवर कसे तुटून पडतात हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. बेळगावात पोहोचेपर्यंत गाडीचे सगळे तोंड बरबटले होते. बंपर, जाळी, हेडलाइट, नंबरप्लेट, सगळीकडे पिवळे-हिरवे ठिपके आणि चिकटलेले पंख. दुसऱ्या दिवशी व्हॅन उन्हात उभीच राहिली. तिसऱ्या दिवशी धुतली तेव्हा किडे निघाले, पण बॉनेटवर बारीक बारीक डाग राहिले. बोट फिरवले की खरखर लागायची.

एक काका कळवळून म्हणाले, "सर, लोकांच्या घामाच्या पैशाची गाडी आहे. पुढच्या भागाला ती पारदर्शक फिल्म लावून घेऊ या." त्यांनी दुकानातून दरही काढून आणला होता. कित्येक हजारांचा. मी विरोध केला, आणि बराच चढ्या आवाजात केला.

माझा मुद्दा आजही मला चुकीचा वाटत नाही, म्हणून आधी तोच मांडतो. किडा गाडीवर आपटतो तेव्हा त्याच्या अंगातला रस रंगावर पसरतो. त्यात प्रथिने असतात, आम्लेही असतात. ताजा असेपर्यंत तो पाण्यानेच निघतो. ऊन लागले की सुकतो आणि घट्ट धरून बसतो, आणि तापून मऊ झालेल्या वरच्या पारदर्शक थराला आतून खायला लागतो. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात 'लव्हबग' नावाच्या जोडीजोडीने उडणाऱ्या काळ्या माश्या मे आणि सप्टेंबरमध्ये रस्त्यांवर ढगासारख्या येतात. त्यांच्याबद्दल तिथल्या अभ्यासकांनी मोजून ठेवले आहे, की मेलेली माशी सुरुवातीला जवळजवळ उदासीन असते, पीएच 6.5, तशीच 24 तास राहू दिली तर तो 4.25 पर्यंत उतरतो. म्हणजे रंग बिघडवण्यात किड्याइतकाच आपल्या आळसाचा हात असतो. आमच्या बॉनेटवरचे डाग त्या एका दिवसाच्या उन्हाचे होते. त्या संध्याकाळी कुणीतरी, म्हणजे मीच, एक बादली पाणी मारले असते तर बैठकीत हा विषय निघालाच नसता.

बाजारात मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टींबद्दलही थोडे सांगतो, कारण त्यानंतर अनेकांनी मला विचारले आहे. फिल्म चांगली असते यात वाद नाही. दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीचा तो प्लास्टिकचा पापुद्रा मार स्वतःवर घेतो, उडालेल्या खड्यांपासूनही वाचवतो. रोज हायवेवर गाडी पळवणाऱ्याने जरूर लावावी. सिरॅमिक कोटिंग म्हणजे अगदी पातळ काचेसारखा लेप. त्याने किडा चिकटायचा थांबत नाही, पण धुताना लवकर सुटतो. मात्र कोटिंग आहे म्हणून दोन दिवस धुतले नाही तर डाग तिथेही पडतो, हे दुकानदार सांगत नाही. बॉनेटला चामड्याचे किंवा रेक्झिनचे आवरण बांधतात, त्याच्याखाली ओल आणि माती अडकते. ज्याच्यासाठी बांधले तोच रंग ते घासून काढते. काहीजण जाळीमागे मच्छरदाणीचे कापड ताणतात. सपाटीवर ठीक आहे, पण भरल्या गाडीने घाट चढताना रेडिएटरला वारा कमी पडला की इंजिन तापलेच म्हणून समजा. आणि डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवायची आपल्याकडची जी सवय आहे, तिने किडे निघतात हे खरे, पण मेणही निघते आणि काचेवर तेलकट पडदा उरतो. हे शेवटचे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी म्हणालो, साधे कार्नौबा मेण आणा. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचे हे मेण, डबी थोडक्यात येते आणि पुष्कळ दिवस पुरते. महिन्या-दीड महिन्याने हात फिरवला की किडा रंगाला न लागता मेणाला लागतो. हात मी फिरवीन. कौन्सिलने मान्य केले. काका जरा नाराज झाले. मी जिंकलो होतो.

मग नोव्हेना आली. संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाआधीचे ते नऊ दिवस, 24 नोव्हेंबरपासून. एका दिवशी आम्ही अकराजण जुन्या गोव्याला निघालो, बहुतेक वयस्कर. आदल्या संध्याकाळी मी दोन तास खपून व्हॅनला मेण लावले होते. बॉनेटमध्ये तोंड दिसत होते. फादर म्हणालेसुद्धा, "सर, शोरूममधून आणल्यासारखी झाली की." मला फार बरे वाटले. हे सांगताना आज लाज वाटते.

परतीला उशीर झाला. साखळी सोडली तेव्हा अंधार पडला होता. मग केरी, आणि केरीनंतर चोर्ल्याचा चढ. शेताच्या कडेने येताना नेहमीप्रमाणे तुडतुड्यांचा मारा झाला, त्यात एक-दोन मोठे पतंग अगदी माझ्या डोळ्यांसमोर काचेवर फुटले. मी वायपर लावला. कोरडा वायपर मेलेल्या किड्यावर फिरला की काय होते? ठिपक्याचा पट्टा होतो आणि पट्ट्याचा पडदा. पाण्याचे बटण दाबले. नुसता मोटारीचा घुं घुं आवाज. टाकी रिकामी होती. दोन तास बॉनेट घासणाऱ्या माणसाने बॉनेट उघडून त्या टाकीत लिटरभर पाणी ओतले नव्हते. आणि काच? काच त्या सकाळी डिझेलच्या फडक्याने पुसलेली. डिझेलचे आत्ताच वर जे लिहिले, ते तेव्हाही मला माहीत होतेच. घाई होती, इतकेच.

वळणावर समोरून ट्रक आला. त्याचे दिवे त्या तेलकट, बरबटलेल्या काचेवर पडले आणि सगळी काच दुधासारखी पांढरी झाली. दोन सेकंद, फार तर तीन. त्या वेळात मला रस्ता दिसत नव्हता, कठडा दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हते. मग त्या पांढऱ्यात उजेडाचा एक लहान ठिपका वरखाली हलताना दिसला आणि मी ब्रेकवर उभा राहिलो.

पायी जाणारे यात्रेकरू होते. आपल्याकडून दरवर्षी सणाला चालत जातात तसेच, घाट उतरत, आमच्याच बाजूने. पुढचा पोरगा मोबाइलची बत्ती हलवत होता. त्याच्यामागे दहा-बाराजण, खांद्यावर पिशव्या, एका आजींच्या हातात रोझरी. व्हॅन त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. आमच्या गाडीतही मागे रोझरी चालू होती, ती अर्ध्यावर थांबली. पुन्हा कुणी सुरू केली नाही. त्या आजी माझ्या खिडकीपाशी आल्या, आत पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "सावकाश जा हां, बाबा." रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

धूसर आरशाबद्दल पौलाने करिंथकरांना जे लिहिले त्याचा दाखला मी इथे देणार नाही. ही काच खरीखुरी होती आणि ती पुसणे माझे काम होते. आम्ही बाजूला थांबलो, पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवून काच धुतली आणि उरलेला घाट तिशीच्या वेगाने चढलो.

तेव्हापासून माझे मत असे, की त्या बैठकीत आम्ही दोघेही चुकीच्या जागेवर भांडत होतो. काका फिल्मवर, मी मेणावर. दोघांनाही गाडीचा चेहरा वाचवायचा होता. गाडीच्या पुढच्या भागात रंगाखेरीज पुढची काच आणि हेडलाइट असतात, आणि त्यांच्यावरचा किडा हा देखणेपणाचा प्रश्न नसतो. ज्या फिल्मसाठी आम्ही आवाज चढवले ती काचेवर येतच नव्हती. मेणही काचेवर नव्हते. लोकांच्या देणगीची काळजी म्हणत होतो, पण त्या देणगीतून आणलेल्या गाडीपुढे रस्त्यावर कोण चालत असेल याचा विचार त्या बैठकीत एकाच्याही तोंडून निघाला नाही. त्यात मीही आलो.

आता व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली दोन बाटल्या पाणी आणि दोन जुने टॉवेल असतात. एक रंगासाठी, एक फक्त काचेसाठी. त्यांची अदलाबदल करायची नाही. वायपरच्या टाकीत पाण्याबरोबर गाडी धुण्याच्या शॅम्पूचे काही थेंब. जास्त नको, फेस होतो. किडे चिकटले की कोरडे घासायचे नाही. ओला टॉवेल त्यावर दहा मिनिटे पसरून ठेवायचा आणि मग अलगद ओढायचा, बहुतेक सगळे त्याच्याबरोबर येते. जाळीतून रेडिएटरवर अडकलेले पंख काढायला पाण्याचा जोराचा फवारा नको, त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. साध्या नळीने धुवावे. दुचाकीवाल्यांनो, हेल्मेटच्या काचेलाही हेच लागू. तुम्ही सिग्नलला थांबून बाहीने पुसता तेव्हा ती कायमची ओरखडता, आणि मग रात्री समोरच्या दिव्याला फाटे फुटलेले दिसतात.

शिवाय वेग. ऐंशीच्या वेगाने बसलेला धक्का चाळीसच्या चौपट असतो, हे शाळेतले गणित. सावकाश गेले की किडे कमी फुटतात आणि दिसतेही जास्त. कापणीच्या दिवसांत, आणि वळवाच्या पावसानंतर वाळवीची पाखरे उठतात त्या संध्याकाळी, शक्य असेल तर तासभर उशिरा निघावे. यासाठी कौन्सिलचा ठराव लागत नाही.

एक गोष्ट मात्र अजून मनात अडकून आहे. डिसेंबरात वर्गातल्या मुलांना घेऊन व्हॅन धुतली तेव्हा एका मुलीने नंबरप्लेटवरचे किडे मोजायला घेतले. सत्तेचाळीसपर्यंत आली आणि म्हणाली, "सर, हे आपण मारले ना?" मी म्हणालो, हो. पुढे काय म्हणावे सुचले नाही. तिला काय ठाऊक, की तिच्यासारखेच मोजणारे मोठे लोकही आहेत. डेन्मार्कमध्ये एका शास्त्रज्ञाने 1997 पासून 2017 पर्यंत रस्त्याच्या त्याच दोन टप्प्यांवर गाडीच्या काचेवरचे किडे मोजले. एका टप्प्यावर ते 80 टक्क्यांनी घटले, दुसऱ्यावर 97. जर्मनीत 63 संरक्षित क्षेत्रांतल्या नोंदींवरून 2017 साली निष्कर्ष आला, की 27 वर्षांत उडणाऱ्या किड्यांचे वजन तीन चतुर्थांशाहून जास्त कमी झाले. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या पत्रात सृष्टीच्या घडीला लागणाऱ्या जिवांत बुरशी आणि किड्यांचीही नावे घेतली आहेत, ती मी वर्गात अनेकदा वाचून दाखवली आहेत. पण नंबरप्लेटवर बोट ठेवून कुणी विचारले नव्हते.

म्हणून बरबटलेल्या गाडीकडे पाहून आता मला पूर्वीसारखी चीड येत नाही. आपल्या भातशेतांवर अजून एवढे जीव उडतात, ही वाईट बातमी नव्हे. त्यांतले थोडे आपल्या काचेवर येणार. आले की पुसायचे, लगेच आणि पाण्याने.

यंदाच्या नोव्हेनाआधी वायपरची रबरे बदलायची आहेत. त्या काकांनी स्वतःहून पैसे दिले आहेत. पावती पॅरिश ऑफिसच्या वहीत लावली आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी. जुन्या गोव्याला व्हॅनने येणाऱ्यांनी नावे रविवारपर्यंत द्यावीत. परतताना अंधार पडायच्या आत घाट चढायचा आहे, त्यामुळे जेवण लवकर होईल.