गढीची माती

आमच्या नरडाण्यात निबंधाला ‘माझा आवडता किल्ला’ हा विषय दिला, की २५ वह्यांत २५ रायगड आणि सिंहगड उगवतात. त्यात गैर काही नाही. परंतु शेजारच्या शिरपूर तालुक्यातील थाळनेर एकाही वहीत सापडत नाही. आणि ज्या सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याने ही मुले एस.टी.तून धुळ्याला जातात, तोही नाही. दोष आम्हा मास्तरांचा आहे. किल्ला म्हटला की तो सह्याद्रीच्या माथ्यावरचा आणि काळ्या पाषाणाचाच असावयाचा, असे आम्हीच त्यांना पढवले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत महाराष्ट्रातले ११, पण धुळे-जळगावचा एकही नाही. मात्र माझे भांडण युनेस्कोशी नाही. ते घरच्यांशीच आहे.

तापीकाठच्या सपाटीला डोंगर नाही, म्हणून खानदेशाने तो हाताने घडवला. गावच्या उंच पांढरीवर माती चढवायची, तिला दगडविटांचा तट घालायचा, कोपऱ्यांना बुरूज, एक भक्कम दरवाजा, आत आड आणि धान्याची बळदे : ही आमची गढी. तिचा तट मातीला आवरून धरतो आणि माती तटाला.

थाळनेर हा याच जातीतला थोरला भाऊ. एका अंगास तापी, उरलेल्या तिन्ही अंगांस खोल घळ, ६० फुटांचा तट, आतली जमीन जवळजवळ तटाच्याच उंचीची आणि एकामागून एक ५ दरवाजे. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाकडून हा मुलूख मिळाला, तेव्हा मलिक राजाने येथूनच फारुकी घराण्याचा पाया घातला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने तो घेतला, आतल्या सुमारे ३०० माणसांची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिले. एवढे रक्त प्यालेल्या मातीवर आमच्या मुलांना चार ओळी लिहिता येऊ नयेत?

लहान गढ्यांचे हाल तर विचारूच नका. पंचक्रोशीतल्या एका गावी गढीला जेसीबी लागलेला पाहिला. ट्रॅक्टरवर माझाच जुना विद्यार्थी. हटकले, तर हसून म्हणाला, “मास्तर, हाई ते माटी शे, किल्ला कोठे शे?”

बाबा रे, ती मातीच किल्ला आहे! प्रकाशे येथे तापीकाठच्या अशाच पांढरीत १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याने खोदले, तेव्हा ताम्रपाषाण युगापासूनचे थर निघाले. नेदरलँड्समधील फ्रीसलंडात समुद्राच्या पाण्यापासून बचावासाठी लोकांनी मातीची टेकाडे रचून त्यांवर गावे वसवली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात तीच सुपीक माती खत म्हणून खणून विकली गेली आणि कित्येक टेकाडे निम्मी कापली गेली. शहाण्यासुरत्या देशाने केलेली चूक आम्ही आज यंत्राने करीत आहोत, एवढेच.

कोणी म्हणतील, “गढी म्हणजे देशमुखी जुलमाची खूण, जाईना का मातीत!” जुलूम मला मान्य आहे. परंतु ती पाटी कोणी उचलली? देशमुखाने नव्हे. वेठीला धरलेल्या गावकऱ्यांनी उचलली. १८०२ मध्ये होळकरी फौजांनी खानदेश लुटला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. त्या दिवसांत गुराढोरांसह जीव घेऊन पळायचे, तर भोवती दुसरा आडोसा कोणता होता? मालकी वाड्याची असेल, घाम गावाचा आहे. तो पुसून टाकल्याने जुलमाचा सूड उगवत नाही; राबणाऱ्यांचा पुरावा तेवढा नाहीसा होतो.

मी तरी कुठला साव? आमच्या धाब्यावर वडील दर उन्हाळ्यात घालीत ती माती गढीचीच होती. त्या धाब्याखाली मी वाढलो, म्हणून हे लिहिण्याची लाजही वाटते. परंतु ती पाटीने येत असे. आता ट्रॉलीने जाते. आमच्या ग्रामसभा गटारांचे ठराव करतात, तसा एक ठराव गढीची माती न उचलण्याचाही करोत. मी माझ्यापुरता निबंधाचा विषय बदलला आहे : ‘आमच्या शिवारातली गढी’. ज्याला ती दिसणार नाही, त्याने ती कोठे गेली हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहावे. त्याचे उत्तर मी अधिक काळजीने तपासणार आहे.