माग काढणाऱ्यांना सड्यावर न्या

नामिबियातल्या डोरो नावास डोंगरांतल्या खडकांवर अश्मयुगातल्या माणसाने प्राण्यांची आणि माणसांची पावले कोरून ठेवली आहेत. त्यातला कोणता ठसा कोणाचा, इथे पदव्या थिट्या पडत. शेवटी जर्मन संशोधकांनी कलहारीतल्या जुहोआन्सी समाजातले तिघे माग काढणारे सोबत घेतले. त्यांनी ५१३ ठसे तपासले. नव्वद टक्क्यांहून अधिक ठशांबाबत त्यांनी प्राणी कोणता, नर की मादी, वय साधारण किती, पाय कोणता, इतके सांगितले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

परभणीकरांना याचे फार नवल वाटू नये. रात्री मेंढ्यांच्या वाड्याभोवती लांडगा फिरला की कुत्रे, हे जिंतूरच्या माळावरचा धनगर सकाळी माती पाहून सांगतो. पण हे ज्ञान आपण अजून संशोधनाच्या कामाला लावलेले नाही.

लावायला जागा आहे. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, उन्हाळ्यात वाळवंटाइतक्याच उघड्याबोडक्या कातळावर, शेकडो शिल्पे खोदलेली आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरले आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ही शिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काळ मात्र अजून वादातच आहे.

या शिल्पांत गेंडा आणि पाणघोडा दिसतात, असे अभ्यासक म्हणतात. कोकणात आज दोन्ही नाहीत. मग चित्रकाराने ते पाहिले कुठे? उत्तराचा एक धागा आपल्या गोदावरीकडे येतो. गोदावरी-मांजरा खोऱ्यांतल्या जुन्या गाळात पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये हत्ती, रेडा आणि रथासोबत कांस्याचा गेंडा निघाला. म्हणजे दख्खनच्या माणसाला गेंडा अनोळखी नव्हता. एवढ्यावरून सड्यावरची आकृती गेंड्याचीच ठरत नाही, हेही खरे. तिथे खूर, शिंग, मान नीट वाचणारा डोळा हवा.

आणि मासे? सड्यावर पाकट आणि मुशीसारख्या आकृतीही आहेत. जाळ्यातून पाकट रोज सोडवणाऱ्या रत्नागिरीच्या कोळ्याला त्यातली जात कोणती, हे विचारायला हवे.

पुरातत्त्व खात्याने आणि विद्यापीठांनी पुढच्या मोहिमेत चार धनगर, चार कोळी मजूर म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून मानधन देऊन न्यावेत आणि अहवालावर त्यांची नावे छापावीत.