तेराव्यानंतरचे दिवस

घरात मृत्यू घडला की सारा गाव धावून येतो. त्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पेज-भात पोहोचवितात, रात्री सोबतीस बसतात. आमच्या गोव्यात हा शेजारधर्म हिंदू व ख्रिस्ती दोघांनीही जपला आहे. परंतु तेरावे उरकले, वा सातव्या दिवसाची प्रार्थना झाली, की येणारी पावले विरळ होतात. आमच्या मते आधाराची खरी गरज तेथूनच सुरू होते.

याबाबतीत आम्ही शिक्षकही चुकतो. एका विद्यार्थिनीची आई वारली. चौदाव्या दिवशी ती शाळेत आली, तेव्हा तिच्यासमोर घरचा विषय कोणी काढीना. त्याच आठवड्यात ‘श्यामची आई’मधील उतारा वर्गात वाचावयाचा होता; तो आम्ही दयेपोटी गाळला. तास संपल्यावर ती म्हणाली, “सर, तो उतारा माझ्यामुळेच गाळलात ना? मला तो ऐकायचा होता.” आम्ही निरुत्तर झालो. दुःख तिचे होते. भय मात्र आमचे होते.

साने गुरुजींच्या मातोश्री १९१७ साली निवर्तल्या. त्यानंतर पंधरा वर्षे उलटून गेल्यावर, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते पुस्तक लिहिले. त्यात श्याम रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो आणि आश्रमातील सोबती त्या ऐकतात. सांगणाऱ्या श्यामइतकेच ते ऐकणारेही आम्हांस मोलाचे वाटतात.

विद्यार्थिमित्रहो, “झाले ते विसर” असे दुःखिताला सांगू नका. बुडालेला अभ्यास उतरवून द्या. डबा खाताना शेजारी बसा. गेलेल्या माणसाचे नाव घेण्यास भिऊ नका. त्या घरची पहिली चवथ सुनी जाईल. त्या दिवशी आवर्जून भेटा. आणि ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला आहे, त्यांनी आधार मागण्यात कमीपणा मानू नये. अन्न गोड लागेना, झोप येईना, असे फार दिवस चालले तर वडीलधाऱ्यांना वा शिक्षकांना सांगावे. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनिसेवाही २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

पुढच्या तासाला आम्ही तो उतारा घेतला. वाचणारी तीच होती. एके ठिकाणी तिचा कंठ दाटून आला, तेव्हा शेजारच्या मुलीने पुढची ओळ वाचावयास घेतली.